कडेवरच्या भावंडासकट शाळा भरवणाऱ्या ताराबाई

कोलाड : आपल्या रोहा-पेणच्या वाड्यापाड्यांवर अंगणवाडी आता घरचीच झालीय. सेविका, मदतनीस, खिचडी, वजनकाटा, सगळं ओळखीचं. पण अंगणात पोरं बसवून शिकवायची ही कल्पना ज्यांनी बोर्डीत रुजवली, त्या ताराबाई मोडकांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या, तेव्हा शिकलेली बाई दिसणंच मुश्कील. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे नोकरीसाठी राजकोट, तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे. मारिया माँटेसोरी या इटालियन बाईंची बालशिक्षणाची पद्धत तिथे त्यांनी हाताळली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

नाव झालं होतं. आरामात बसायचं वय. पण १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, बाई दादर सोडून बोर्डीसारख्या खेड्यात गेल्या. जोडीला अनुताई वाघ. सुरुवातीला पोरं येईनात. मग ताईच वस्तीवर जायच्या, पोरांना आंघोळ घालायच्या, अंगणातच शिकवायच्या. महागडी साधनं परवडणार कुणाला? शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली.

१९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे वारली पाडे. आई-बाप मजुरीला, मोठी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी. तिने शाळेत यायचं कसं? ताराबाईंचा हिशेब सरळ होता : पोरगी यायला हवी तर तान्हंही येऊ दे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. आमच्या मते ताराबाईंचं सगळ्यात मोठं काम हेच. बालवाडीच्या शिक्षिकाही तिथेच, याच पोरांमध्ये राहून तयार व्हायच्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच माळावर गेली. तिला म्हणायचे कुरणशाळा.

आपल्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघतात, तेव्हा अंगणवाडी गावात राहते आणि पोर भट्टीवर. कोसबाडची ती पद्धत म्हणूनच आजही उपयोगाची.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती १९७५ मध्ये, आणि अंगणवाडी हे नाव देशभर झालं. कोसबाडचं काम पुढे अनुताईंनी १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत सांभाळलं.