आर्तांच्या दारी गेलेली वैद्या : डॉ. आयडा स्कडर

तामिळ प्रांतातील तिंडिवनम गावी एका रात्री भिन्न जातिधर्मांचे तीन गृहस्थ एकामागून एक एकाच घराच्या दाराशी आले. तिघांच्याही पत्नी प्रसूतिवेदनांनी व्याकूळ झाल्या होत्या. घरातील कन्या आयडा हिला वैद्यकविद्या अवगत नव्हती. तिचे पिता निष्णात वैद्य होते. परंतु परपुरुषाने आपल्या स्त्रीस स्पर्श करावा, हे त्या तिघांसही मान्य नव्हते. प्रातःकाळी तिन्ही स्त्रिया मृत्यू पावल्याचे वर्तमान आले.

१८७० साली राणीपेट येथे जन्मलेल्या या अमेरिकन कन्येचा भारतात राहण्याचा विचार नव्हता. त्या रात्रीने तिचा संकल्प पालटला. १८९९ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी संपादून ती परतली. १९०२ मध्ये वेल्लोर येथे ४० खाटांचे रुग्णालय उभे राहिले.

पण दरिद्री रुग्णास दोन-चार कोसांची वाटही दुस्तर असते, हे आयडाबाईंनी ओळखले. ठरल्या दिवशी औषधे घेऊन त्या खेड्यांच्या वाटेने निघत. वाटेतील झाडाखाली रुग्ण जमत. तेथेच जखमा धुतल्या जात, औषध दिले जाई. एकटीचे दोन हात किती पुरणार? म्हणून त्यांनी १९०९ मध्ये परिचारिकांसाठी आणि १९१८ मध्ये स्त्री-वैद्यांसाठी विद्यालय काढले. १९६० मध्ये त्यांचा देह पडला. त्यांचे कार्य वेल्लोरमध्ये आजही चालू आहे.

वाचकहो, जवळच वैद्य असूनही त्या तीन स्त्रिया उपचारावाचून गेल्या. आपल्या शेजारी असा कोणी आर्त तिष्ठत नाही ना, हे प्रत्येक गृहस्थाने पाहावे.