कल्याणची यमू

गेल्या वर्षी मी जवळजवळ चार महिने कॉलेजात आले नाही. कावीळ झाली आहे असे घरच्यांनी सर्वांना सांगितले होते. ते खरे नव्हते. मला नैराश्याचा आजार झाला होता. सकाळी जाग येई, पण उठवत नसे. केस विंचरणेसुद्धा डोंगराएवढे काम वाटे. त्या दिवसांत माझी आत्या कल्याणहून डोंबिवलीला आमच्याकडे येई आणि उशाशी बसून आनंदीबाई जोशींचे उदाहरण देई. आपल्या कल्याणची मुलगी अठराव्या वर्षी एकटी सातासमुद्रापलीकडे गेली, डॉक्टर झाली आणि इथे हिला आंघोळीला उठवत नाही! आत्याचा हेतू चांगलाच होता. पण ती गेली की मी भिंतीकडे तोंड करून पडे आणि मनातल्या मनात आनंदीबाईंचा रागराग करी.

थोडे बरे वाटू लागल्यावर मी त्यांचे चरित्र वाचायला घेतले, तेही खरे तर त्या रागापोटीच. वाचून झाले तेव्हा लक्षात आले की आत्याने मला अर्धीच गोष्ट सांगितली होती.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. माहेरचे नाव यमुना. घराणे जमीनजुमल्याचे, पण उतरती कळा लागलेले. नवव्या वर्षी लग्न झाले ते कल्याणच्याच पोस्टात कारकून असलेल्या गोपाळराव जोशींशी. ते बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांनी यमूची आनंदी केली. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट. त्या काळात असा हट्ट धरणारा नवरा विरळाच. पण अभ्यासात कुचराई झाली की हातही उगारला जाई. लहानपणच्या त्या माराविषयी आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून खुद्द नवऱ्यालाच पत्रात लिहिले. इतकी वर्षे ते मनात राहिले होते.

चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही. बहुतेक लेखांत हे एका वाक्यात उरकतात आणि दुसऱ्या वाक्यात आनंदीबाई डॉक्टर होण्याचा निश्चय करून मोकळ्या होतात. मी त्या दोन वाक्यांच्या मधेच अडकले. चौदा वर्षांची मुलगी. अंगावरचे दूधही आटले नसेल. मधले ते दिवस तिने कसे काढले असतील? माझ्या आजाराचे नाव तिच्या दुःखाला चिकटवण्याचा मला अधिकार नाही. पण शोक आणि निश्चय यांच्यामध्ये काही दिवस असतातच.

गोपाळरावांच्या नोकरीपायी अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी बिऱ्हाडे झाली. १८८० साली बायकोच्या शिक्षणासाठी त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डरने ते आपल्या मासिकात छापले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या; तिथे पडलेल्या त्या मासिकात त्यांनी ते पत्र वाचले आणि मदतीची तयारी दाखवली. तेव्हापासून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कलकत्त्यास डोकेदुखी, बारीक ताप, धाप यांनी आनंदीबाई बेजार झाल्या, तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली. गुण आला नाही, ही गोष्ट वेगळी. पण न पाहिलेल्या माणसाजवळ मन मोकळे करता येत होते.

हे वाचताना मला माझी वही आठवली. ठाण्याच्या ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे बाबा मला घेऊन गेले, त्यांनी रोज रात्री चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. मी महिनाभर फक्त तारीखच लिहीत होते.

सेरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी भर सभेत आपला बेत मांडला. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा बरोबर नव्हता, एवढ्यापुरते आत्याचे ‘एकटी’ खरे. पण पलीकडे मावशी होती. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात रेचल बॉडली या डीनबाई होत्या, सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती होती. तिथली थंडी, अंगावर लुगडे, शाकाहाराचे व्रत. तब्येत खचत गेली. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

तोवर क्षयाने घर केले होते. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ सालीच दाखवला होता, पण त्यावरचे औषध यायला १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. म्हणजे स्वतः डॉक्टर असूनही त्यांच्याजवळ स्वतःसाठी औषध नव्हते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. तिथे रुजू होणे घडलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस पुरी व्हायला महिना उरला होता. इच्छाशक्ती कमी पडली असे कोण म्हणेल?

माझ्या आजारावर औषध आहे. पहिले तीन आठवडे गोळ्यांनी नुसते तोंड कोरडे पडले, मी चिडले. डॉक्टरांनी बजावले की आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पंधरा दिवसांनी एकदा तासभर बोलणे. घरी माझे काम म्हणजे ती वही आणि रोजचे चालणे: आधी कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, मग स्टेशनापर्यंत. गोळ्या अजून चालू आहेत.

आनंदीबाईंच्या अस्थी मावशीकडे अमेरिकेला पाठवल्या गेल्या. पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. हे मी आत्याला वाचून दाखवले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग ठाण्याला पुढच्या वेळी कधी जायचे आहे, ते तिने विचारले.