कर्मवीर भाऊराव पाटील

विसाव्या शतकाच्या आरंभी सातारा शहरात एक धिप्पाड तरुण मुलांच्या शिकवण्या घेऊन आपला चरितार्थ चालवीत असे. स्वतः तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेला नव्हता. तरीही लोक त्याला आदराने पाटील मास्तर म्हणत. ज्यांच्या घरी पैसा होता, त्यांच्या मुलांना शाळा होती, पुस्तके होती आणि शिवाय अभ्यास करवून घेणारा मास्तरही होता. शहराची वेस ओलांडली की चित्र पालटत असे. शेतकऱ्यांची, मजुरांची आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची मुले गुरांमागे रानोमाळ हिंडत. बुद्धी त्यांनाही होती. पण शिकवणीची फी तर दूरच, पाटी-पेन्सिलीचा खर्चही त्यांच्या आईबापांना झेपत नसे. पैसा नसलेल्या घरच्या मुलाला शिकवावयाचे कोणी आणि त्याचा खर्च सोसावयाचा कोणी? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्या तरुणाने आपले सारे आयुष्य वेचले. हाच तरुण पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून महाराष्ट्राला वंदनीय झाला.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात कारकून होते. भाऊराव शरीराने बळकट, स्वभावाने निर्भय आणि अन्याय दिसताच उसळून उठणारे होते. माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळी राजर्षी शाहू महाराजांच्या उत्तेजनाने कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहत होती. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा समारंभ झाला. त्या समारंभास भाऊराव मुद्दाम हजर राहिले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असे वसतिगृहाच्या चालकांनी फर्माविले. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो, हे भाऊरावांना मान्य नव्हते. त्यांनी स्नान करण्याचे साफ नाकारले आणि त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे काही काळ शाहू महाराजांनीच त्यांना आश्रय दिला. भाऊरावांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले. परंतु पुस्तकात न मिळणारा एक धडा त्यांनी कोल्हापुरात पक्का केला होता.

शिकवण्यांनंतर भाऊरावांनी विक्रेत्याचा व्यवसाय पत्करला. ओगलेवाडीचा काच कारखाना आणि किर्लोस्करवाडीचा नांगरांचा कारखाना यांचा माल विकण्यासाठी ते गावोगाव हिंडत. नांगर विकता विकता त्यांना शेतकऱ्याचे घर आतून दिसू लागले. कर्ज, व्यसन, अंधश्रद्धा आणि भाऊबंदकी यांनी ते घर पोखरून निघाले होते. या सर्वांच्या मुळाशी अज्ञान आहे, हा महात्मा जोतीराव फुले यांचा विचार त्यांना मनोमन पटला होता. सत्यशोधक समाजाच्या कार्यातही ते हिरिरीने भाग घेत. एकदा एका खेड्यातील शाळेत एक मुलगा वर्गाबाहेर बसून आतला धडा ऐकताना त्यांना दिसला. तो अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातीचा होता, म्हणून त्याला आत बसण्याची मुभा नव्हती. भाऊरावांनी त्याला आपल्याबरोबर घेतले आणि कोल्हापूरच्या वसतिगृहात त्याच्या शिक्षणाची सोय केली. दाराबाहेर बसणारा हाच मुलगा पुढे मुंबईच्या विधिमंडळाचा सभासद झाला.

एका मुलाचे कल्याण झाले. पण अशी मुले हजारो होती. एकट्या माणसाच्या दयेने त्यांचा प्रश्न सुटणारा नव्हता. त्यासाठी संस्था हवी होती. दुधगाव येथे १९१० साली मित्रांच्या साहाय्याने विद्यार्थी आश्रम काढून भाऊरावांनी या कामाचा अनुभव घेतलाच होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे कष्ट करणारी सामान्य प्रजा. संस्थेचे नाव रयतेचे, मुले रयतेची आणि तिला पोसणारे हातही रयतेचेच, असा हा संकल्प होता. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह झाले.

१९२४ साली भाऊरावांनी सातारा येथे वसतिगृह सुरू केले. खेड्यातील मुलाला शहरातील शाळेत प्रवेश मिळाला, तरी राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे काय, या दोन अडचणींपाशी त्याचे शिक्षण अडत असे. त्या अडचणी वसतिगृहाने दूर केल्या. मुले शहरातील शाळांत जात आणि वसतिगृहात एकत्र राहून अभ्यास करीत. येथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एकाच पंक्तीला बसत. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट ही कामे ती पाळीपाळीने करीत. त्या काळच्या समाजात ही गोष्ट सोपी नव्हती. या सहभोजनामुळे अनेक लोक दुखावले. काहींनी मदत देण्याचेही नाकारले. तथापि भाऊरावांनी पंक्ती वेगळ्या केल्या नाहीत.

वसतिगृहाचा खर्च भागविण्यासाठी भाऊरावांनी मुठीची योजना पत्करली होती. रोज दळणकांडणाच्या वेळी गृहिणीने मूठभर धान्य वेगळे काढून ठेवावे आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यावे, अशी ती योजना होती. ज्या घरात रोख पैसा दिसत नसे, त्या घरातही मूठभर ज्वारी निघू शकत असे. त्यामुळे देणाऱ्याला ओझे वाटत नसे आणि घेणाऱ्याला लाज वाटत नसे. शिवाय मूठ देणाऱ्या माउलीला ते वसतिगृह आपलेसे वाटू लागे. सुगीच्या दिवसांत भाऊराव खळ्याखळ्यांवर जाऊन धान्य मागत. घोंगडी पांघरलेली त्यांची भव्य मूर्ती आणि हातातली काठी खेडोपाडी परिचयाची झाली.

या कार्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा फार मोठा आहे. त्या सनातनी वळणाच्या घरात वाढलेल्या होत्या. निरनिराळ्या जातींची मुले आपल्या स्वयंपाकघरात वावरणार, ही कल्पना आरंभी त्यांना जड गेली. पण मुलांचे भुकेले चेहरे पाहून त्यांचे मन पालटले आणि त्या या सर्वांची आई झाल्या. मुलांच्या अन्नासाठी त्यांचे दागिने एकामागून एक विकले गेले. एकदा भाऊराव परगावी गेले असताना वसतिगृहातील धान्य संपले. मुले उपाशी राहण्याची वेळ आली. लक्ष्मीबाईंच्या अंगावर मंगळसूत्राखेरीज सोने उरले नव्हते. सौभाग्यवती स्त्री प्राणापलीकडे जपते ते मंगळसूत्रही त्यांनी काढून दिले आणि मुलांची चूल पेटती ठेवली. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. आज रयत शिक्षण संस्थेच्या कार्यात भाऊरावांइतकेच त्यांचेही स्मरण कृतज्ञतेने केले जाते.

१९२७ साली महात्मा गांधींनी साताऱ्यास येऊन हे वसतिगृह पाहिले आणि त्यांच्याच हस्ते त्याचे नामकरण श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे झाले. १९३२ साली पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस उघडले. सर्व जातींची मुले एकत्र राहू शकतात, हे साताऱ्यात सिद्ध झाले होते. ते आता पुण्यातही दिसले.

केवळ दानावर शिक्षण चालविणे भाऊरावांना पसंत नव्हते. दान आज मिळते, उद्या मिळत नाही. आणि सदैव दुसऱ्याकडे हात पसरणारा विद्यार्थी ताठ मानेने उभा राहू शकत नाही. म्हणून त्यांनी स्वावलंबनाचा मार्ग धरला. विद्यार्थ्यांनी पडीक जमीन फोडावी, शेती पिकवावी, दगड वाहावेत, इमारतींच्या बांधकामाला हात लावावा आणि त्या श्रमांच्या मोबदल्यात शिकावे, ही त्यांची रीत होती. तिलाच कमवा आणि शिका योजना असे म्हणतात. या योजनेवर चालणारे महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० साली साताऱ्यात सुरू झाले. ज्या मुलाच्या खिशात दिडकी नव्हती, तोही आपल्या मनगटाच्या बळावर तेथे शिकू शकत होता.

खेड्यांत शाळा काढावयाच्या, तर शिक्षक हवेत. त्यासाठी १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. तेथे तयार झालेले तरुण दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवर गेले. गावाने देवळाची ओसरी किंवा चावडी द्यावी आणि शिक्षकाने तेथे शाळा भरवावी, अशा साध्या रीतीने शेकडो शाळा सुरू झाल्या. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले आणि खेड्यातील मुलाला उच्च शिक्षणाचे दार उघडले.

परंतु पुढच्याच वर्षी मोठे संकट ओढवले. सरकारशी मतभेद होऊन १९४८ साली संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार थांबले आणि हजारो मुलांचे शिक्षण धोक्यात आले. भाऊराव डगमगले नाहीत. ते पुन्हा लोकांकडे गेले. वेतन थकले असतानाही शिक्षक शाळा चालवीत राहिले. संत गाडगे महाराजांनीही संस्थेसाठी आपला शब्द खर्ची घातला. अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. पण तोवर रयतेने आपली संस्था मोडू दिली नव्हती. मुठीमुठीने जोडलेली माणसे अशी ऐन वेळी कामी आली. १९५४ साली कऱ्हाड येथे संस्थेने काढलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

जनतेने भाऊरावांना कर्मवीर ही पदवी केव्हाच दिली होती. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण न झालेल्या मास्तराचा विद्यापीठाने केलेला हा गौरव होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे भाऊरावांचे निधन झाले.

त्यांनी मागे संपत्ती ठेवली नाही. त्यांनी लावलेला वटवृक्ष मात्र विस्तारत राहिला. २०१९ साली रयत शिक्षण संस्थेला शंभर वर्षे पूर्ण झाली. तिच्या शेकडो शाळांतून आणि अनेक महाविद्यालयांतून आजही लक्षावधी मुले शिकत आहेत. त्यांतील कित्येकांच्या पणज्यांनी एकेकाळी जात्यापाशी बसून पिठाच्या आधी एक मूठ धान्य वेगळे काढून ठेवले असेल.