परचुरे शास्त्री

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीचे नाव विनोबांमुळे सर्वपरिचित आहे. तेथून जवळच दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. संस्कृतचे गाढे पंडित परचुरे शास्त्री यांचे अखेरचे दिवस येथेच गेले.

शास्त्रीजी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी होते. कुष्ठरोगाने त्यांना तेव्हाच गाठले होते. पुढे समाजाने दारे लावून घेतली, तेव्हा १९३९ साली ते सेवाग्रामच्या आश्रमात आले. आश्रमातील मुलाबाळांना धोका तर नाही ना, या विचाराने गांधीजीही आधी घुटमळले. मग सर्वांच्या संमतीने त्यांनी आपल्या कुटीजवळच शास्त्रीजींना झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी ते त्यांचे अंग चोळू लागले.

धोका कितपत होता? शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक माणसांना या रोगाविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते, हे आज सिद्ध आहे. विद्यार्थी मित्रांनो, हा जंतू मात्र मोठा धूर्त! आपल्या रक्तात 'कॉम्प्लिमेंट' नावाची पूरक प्रथिने असतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ज्यूल बोर्दे यांनी १८९५ च्या सुमारास त्यांचे कार्य उकलले. १९१९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ही प्रथिने जंतूला चिकटून त्याच्यावर जणू शिक्का मारतात. शिक्का पाहून भक्षक पेशी त्याला गिळते. कुष्ठरोगाचा जंतू हाच शिक्का अंगावर मिरवीत पेशीत शिरतो आणि मरण्याऐवजी तेथेच बिऱ्हाड करतो. चोराने पहारेकऱ्याचा हात धरूनच वाड्यात शिरावे, तसे हे झाले.

पुढे काही रुग्णांत उलट घडते. मेलेल्या जंतूंचे अंश व प्रतिपिंडे यांच्या गुठळ्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेथे पूरक प्रथिने खवळतात, आणि ताप, लाल गाठी, मज्जातंतूंची व डोळ्यांची सूज असा दाह उसळतो. म्हणजे येथे इजा करते ती शरीराचीच संरक्षक फौज. मज्जातंतू निकामी झाले की बधिर बोटांना चटका, जखम कळत नाही. बोटे झडतात ती त्या दुर्लक्षित जखमांनी. लोक मात्र याला पूर्वजन्मीचे पाप म्हणत.

त्या काळी हाताशी होते ते चौलमोगऱ्याचे तेल. शास्त्रीजींना मध्यंतरी थोडा आराम पडला, पण रोग पुन्हा बळावला. अखेर ते दत्तपूरला गेले व १९४५ साली तेथेच निवर्तले. डॅप्सोनच्या गोळ्या आपल्याकडील रुग्णांच्या हाती पडायला अजून काही वर्षे होती. रोग मुळापासून बरा करणारी बहुविध औषधयोजना तर १९८२ नंतरची.