विमान वाटून टाकणारा माणूस

विमान म्हटले की आपल्याला राइट बंधू आठवतात, आणि ते योग्यच आहे. १९०३ साली ते उडाले. पण ब्राझीलमधल्या शाळकरी पोराला विमानाचा जनक विचारा, तो आल्बेर्तो सांतोस-द्युमाँचेच नाव घेईल. हा वाद मला सोडवायचा नाही. मला हे गृहस्थ आवडतात ते त्यांच्या एका चिमुकल्या विमानामुळे.

त्यांचा जन्म २० जुलै १८७३ चा. वडील कॉफीचे बडे मळेवाले. मळ्यावरच्या यंत्रांत मुलगा रमे. तरुणपणी ते पॅरिसला गेले. पैशाची ददात नव्हती; तो त्यांनी अक्षरशः हवेत उडवला! लांबोळक्या फुग्याला पेट्रोलचे इंजिन जोडून १९ ऑक्टोबर १९०१ रोजी त्यांनी आयफेल टॉवरला वळसा घातला. मिळालेले मोठे बक्षीस गरिबांत आणि आपल्या कामगारांत वाटून टाकले. पुढे १२ नोव्हेंबर १९०६ रोजी ते लोकांदेखत विमानातून २२० मीटर उडाले.

पण खरी गंमत ‘देम्वाझेल’ची. फ्रेंचमध्ये हा शब्द तरुणीलाही लावतात आणि चतुर किड्याच्या नाजूक भावंडालाही. १९०७ ते १९०९ या काळात त्यांनी ते सिद्ध केले. सांगाडा बांबूचा, पंख रेशमी कापडाचे, रुंदी जेमतेम पाच मीटर, वजन शंभर किलोच्या थोडे वर. आपल्याकडे पतंगाला कामट्या लावतात, त्याच जातीचे हे काम. वैमानिक पंखाखाली, दोन चाकांच्या मध्ये कापडी पट्ट्यावर बसे, इंजिन डोक्यावर. कोटाच्या पाठीवर शिवलेल्या खिशात एक दांडी अडकवलेली असे. अंग एका बाजूला झुकवले की दांडी हलून पंखांना पीळ बसे आणि तोल सावरे.

या विमानाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. त्याच सुमारास राइट बंधू पेटंटापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, हे लक्षात घ्यावे. १९१० साली अमेरिकेतील ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात ‘देम्वाझेल’चे आराखडे छापून आले. ज्याच्या हाताला सुतारकामाची सवय आहे त्याने बांबू, कापड आणि इंजिन आणावे व घरी विमान बांधावे!

त्याच वर्षी आजाराने त्यांचे उड्डाण सुटले. वय अवघे छत्तीस.

पुढची हकिगत मला वाचवेना. रोलाँ गारोस (टेनिसमुळे हे नाव आपल्या कानावर असते) ‘देम्वाझेल’वरच उडायला शिकला होता. १९१५ साली त्यानेच विमानाच्या पंख्यातून समोर गोळ्या झाडणारी बंदूक युद्धात वापरली. सांतोस-द्युमाँना या गोष्टींनी पोखरले. १९२६ साली त्यांनी विमानाचा शस्त्र म्हणून वापर थांबवावा अशी विनंती राष्ट्रसंघाला केली. कोणी ऐकले नाही. १९२८ साली ते बोटीने रिओला परतले, तेव्हा स्वागताला निघालेले, त्यांचेच नाव दिलेले विमान समुद्रात कोसळले आणि आतले सारे गेले.

१९३२ साली ब्राझीलमध्ये यादवी पेटली. देशाचीच विमाने देशबांधवांवर बाँब टाकू लागली. २३ जुलै रोजी ग्वारुझा या समुद्रकाठच्या गावी, एका हॉटेलात, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी आपल्या हाताने जीवन संपवले. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र कारण निराळेच लिहिले गेले.