परक्या चालीत अडकलेली उपासना अभंगात आणणारे रेव्हरंड टिळक

नगर जिल्ह्यातल्या जुन्या चर्चमध्ये रविवारी अभंग, भजन कानावर पडते. यामागे एका कवीची मोठी मेहनत आहे. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घराला मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई जवळपास पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि राहुरी ही त्यांची कर्मभूमी. इथल्या मंडळ्यांमध्ये बहुतेक माणसं खेड्यातली, मोलमजुरी करणारी. उपासनेत मात्र इंग्रजी गीतांची भाषांतरं, तीही विलायती चालीवर. चाल आधी ठरलेली, शब्द मागून बसवलेले. मग ऱ्हस्व अक्षर ताणायचं, दीर्घ अक्षर आखडायचं. म्हणणाऱ्याच्या तोंडात ते गाणं बसत नसे, ऐकणाऱ्यालाही ते परकं वाटे.

याआधी नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. जात्यावर ओवी आणि देवळात अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला देवाची आळवणी त्याच सुरात करता यावी, हा त्यांचा आग्रह होता. तुकोबांचे ऋण ते उघडपणे मानत. ओवी, अभंग, भजन, कीर्तन ही मराठी माणसाची ठेव आहे, धर्म बदलला म्हणून ती टाकून द्यायची नाही, असे त्यांचे मत होते.

हे सगळ्यांनाच पटणारं नव्हतं. काही जणांना टाळ-मृदंग म्हणजे मागे सोडलेल्या धर्माची खूण वाटे. टिळकांनी वाद घालत बसण्यापेक्षा गीतं लिहिली. थोडीथोडकी नव्हे, शंभरावर. अक्षर न येणाऱ्यालाही ती ऐकून पाठ होत. मराठी चर्चच्या उपासनेच्या गीतसंग्रहात ती आजही आहेत.

१९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आज मंडळीत कीबोर्ड आला, स्पीकर आला. पण पेटी-तबल्यावर टिळकांचे भजन सुरू झाले, की मागच्या ओळीतली म्हातारी पुस्तक न उघडता गाऊ लागते.