आधी जमीन, मग रूळ

शहराबाहेर नवी रेल्वे न्यायची म्हटले की एक वाद हटकून उभा राहतो. जेथे माणसांची दाटी आजच झालेली आहे तेथे ती आधी न्यावी, की मोकळ्या जमिनीकडे नेऊन वस्तीला तिच्यामागून येऊ द्यावे? मेट्रोच्या निमित्ताने मुंबई-पुण्यात जो प्रश्न चर्चिला जातो, तो जपानमधील ओसाका शहरात विसाव्या शतकाच्या आरंभीच निर्माण झाला होता. दुसऱ्या पक्षाचे पुरस्कर्ते तेथील इचिझो कोबायाशी यांचा दाखला आवर्जून देतात. मात्र त्यांच्या चरित्रातील निम्माच भाग बहुधा सांगितला जातो.

कोबायाशी यांचा जन्म ३ जानेवारी १८७३ रोजी यामानाशी प्रांतातील निरासाकी येथे झाला. पहिल्या महिन्याची तिसरी तारीख, म्हणून त्यांच्या नावातच ‘एक’ आणि ‘तीन’ हे अंक आले. त्याच वर्षी आई निवर्तली. घरजावई असलेले वडील आपल्या मूळ घरी परतले आणि मुलाचे संगोपन आप्तांनी केले. टोकियोच्या केइओ विद्यालयात शिकत असताना त्यांनी एका वृत्तपत्रात कादंबरी क्रमशः लिहिली. लेखक होण्याची त्यांना हौस होती, परंतु १८९३ साली ते मित्सुई बँकेत रुजू झाले. तेथील चौदा वर्षांत त्यांची कारकीर्द फारशी झळकली नाही.

१९०७ साली एका नियोजित रोखेव्यवहार कंपनीच्या भरवशावर त्यांनी नोकरी सोडली आणि ते ओसाकाला आले. त्याच सुमारास रशिया-जपान युद्धानंतरची तेजी कोसळली व ती कंपनी निघालीच नाही. चौतिशीतल्या या बेकार गृहस्थाच्या हाती लागली ती मिनोओ-आरिमा विद्युत्‌रेल्वे नावाची, कागदावरच असलेली एक कंपनी. तिच्या जवळजवळ निम्म्या भागांना गिऱ्हाईक मिळत नव्हते, आणि त्याचे कारणही उघड होते. ओसाकाच्या उमेदा भागातून निघणारा हा मार्ग भातखाचरांतून जाणार होता. त्याच्या टोकांशी एक धबधबा आणि गरम पाण्याच्या झऱ्यांची गावे, एवढेच काय ते होते. याउलट, ओसाका ते कोबे या दाट वस्तीच्या पट्ट्यात १९०५ पासून हान्शिन कंपनीची विद्युत्‌गाडी धावत होती. शहाणा भांडवलदार कोणती कंपनी निवडील हे सांगावयास नको.

नियोजित मार्गावरून कोबायाशी ओसाका ते इकेदा हे अंतर दोनदा पायी चालले. गाडीत बसावयास माणसे नाहीत हे त्यांनी पाहिलेच, पण त्याबरोबर जमीन स्वस्त आहे हेही पाहिले. कापडगिरण्यांनी आणि कारखान्यांनी ओसाकाचे आकाश काळवंडले होते. धुरातून बाहेर पडू इच्छिणारा पगारदार वर्ग तेथे वाढत होता, पण घर एकरकमी विकत घेण्याची ऐपत त्याच्यापाशी नव्हती. म्हणून कंपनीने रूळ टाकण्यापूर्वीच मार्गालगत जमिनी घेतल्या. १९०८ साली कोबायाशींनी आपल्या रेल्वेची आशादायक बाजू मांडणारी प्रश्नोत्तररूप पुस्तिका काढून तिच्या दहा हजार प्रती ओसाकात वाटल्या. कादंबरीकाराची लेखणी अखेर येथे कामी आली! १० मार्च १९१० रोजी रेल्वे सुरू झाली आणि त्याच वर्षी इकेदा येथील घरे विक्रीस निघाली. सुमारे शंभर त्सुबोंचा, म्हणजे ३३० चौरस मीटरांचा भूखंड, त्यावर बांधलेले घर, काही रक्कम रोख आणि उरलेली दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांनी, अशी ती योजना होती. कारकून आणि बँकेतील नोकर यांना परवडेल असे घर हप्त्यांवर देण्याची ही रीत जपानात तेव्हा नवी होती.

कोबायाशींचा दाखला देणारे नेमके हेच विसरतात. रेल्वे आली की जमिनीचा भाव चढतो. अर्थशास्त्रात ज्याला अनर्जित वृद्धी म्हणतात ती हीच, कारण जमीनमालकाने त्यासाठी काडीही हलविलेली नसते. कोबायाशींच्या बाबतीत ही वाढ रेल्वेच्याच तिजोरीत पडली. रिकाम्या गाड्या चालविण्याचा तोटा आणि चढत्या भावाचा नफा हे दोन्ही एकाच खातेवहीत होते, म्हणूनच त्यांना वस्ती येण्याची वाट पाहता आली. रूळ सरकारने टाकावेत आणि बातमी आधी कळलेल्यांनी जमिनी घेऊन ठेवाव्यात, अशी व्यवस्था असेल तर मोकळ्या माळावर नेलेली रेल्वे म्हणजे सार्वजनिक पैशाने केलेली खाजगी पेरणी होय. या व्यवस्थेला कोबायाशींचे नाव देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

घरे विकली तरी एक अडचण उरली. सकाळी गाड्या शहराकडे भरून जात आणि परतताना रिकाम्या धावत. ताकाराझुका येथे १९११ साली कंपनीने स्नानगृह काढले. त्यातील पोहण्याचा तलाव थंडगार पाण्यामुळे फसला, तेव्हा तोच झाकून त्याचे रंगगृह केले आणि १९१४ साली तेथे मुलींच्या संगीतिकांचा पहिला प्रयोग झाला. ताकाराझुकाची ही रंगभूमी पुढे देशभर गाजली. १९२९ साली क्वान्सेइ गाकुइन ही शिक्षणसंस्था कोबेहून निशिनोमियाच्या माळावर आली, तेव्हा सकाळी उलट्या दिशेनेही विद्यार्थ्यांची रीघ लागली. त्याच वर्षी उमेदा स्थानकावर आठ मजल्यांचे वस्तुभांडार उघडले. मंदीच्या दिवसांत तेथील उपाहारगृहात नुसता भात मागवून त्यावर टेबलावरचे सॉस ओतून घेणारे तरुण येत. कोबायाशींनी त्यांना हाकलले नाही, उलट त्यांचे स्वागतच केले. उद्याचे गिऱ्हाईक त्यांना दिसत असावे. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. या मार्गाचे एक टोक माळावर असले तरी दुसरे ओसाकाच्या ऐन गर्दीत होते, आणि उंच, दाट बांधकाम त्यांनी केले ते त्या टोकाला.

१९२० साली त्यांच्या कंपनीने कोबेपर्यंतचा मार्ग खुला केला, तोही जुनी गावे टाळून डोंगराच्या पायथ्याने. गाडी वेगवान, सुंदर आणि रिकामी आहे, अशी जाहिरात त्यांनी बेधडक दिली!

तथापि ओसाकाचा कामगार या घरांत गेला नाही. हप्ता पगारदाराला परवडणारा होता, रोजंदाराला नव्हे. त्या दाट वस्तीचा विचार केला तो दुसऱ्याच एका माणसाने. हाजिमे सेकी हे मुळात प्राध्यापक, १९२३ पासून ओसाकाचे महापौर. त्यांच्या कारकिर्दीत मिदोसुजी हा हमरस्ता रुंद झाला आणि त्याखालून १९३३ साली नगरपालिकेची भुयारी रेल्वे धावू लागली. या कामाच्या खर्चाचा काही भाग आजूबाजूच्या मालमत्ताधारकांकडून सुधारणा-आकार म्हणून वसूल करण्यात आला. वाढलेला भाव रेल्वेकडे वळविण्याचा हा दुसरा मार्ग, आणि तो भरवस्तीतला. एकाच शहराने वादाच्या दोन्ही बाजूंना अशी दोन उत्तरे दिली.

कोबायाशींचे पुढील आयुष्य राजकारणात थोडे विस्कटले. १९४० साली ते कोनोए मंत्रिमंडळात व्यापार व उद्योग खात्याचे मंत्री झाले. अर्थव्यवस्थेवर सरकारी नियंत्रण आणू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांशी, विशेषतः उपमंत्री नोबुसुके किशी यांच्याशी, त्यांचा खटका उडाला आणि १९४१ साली त्यांनी पद सोडले. युद्धानंतर बेचिराख शहरांच्या पुनर्बांधणीचे खाते त्यांच्याकडे आले, परंतु युद्धकालीन मंत्रिपदामुळे १९४६ साली त्यांना सार्वजनिक पदांवरून दूर व्हावे लागले. २५ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी घरे विकली त्या इकेदातच त्यांचे निधन झाले.

रेल्वे आरिमापर्यंत कधीच पोहोचली नाही. कोबायाशींची हान्क्यू आणि तिची प्रतिस्पर्धी हान्शिन या दोन्ही कंपन्या २००६ साली एकाच धारक कंपनीखाली आल्या. ओसाका आणि कोबे यांच्यामध्ये त्यांचे मार्ग मात्र वेगळेच आहेत, एक जुन्या गावांमधून जाणारा आणि दुसरा डोंगराच्या कडेने.